राहीलवरचे निर्बंध

२४ जुलै, गुरुवार

आज माझं लग्न अमेरिकेनं अडवलं.

अब्दुस्समद चाचा सकाळीच मोबाईल नाचवत आले. तिकडच्या संसदेतल्या कमिटीनं एक विधेयक पुढं पाठवलंय — दक्षिण आफ्रिकेशी संबंध नव्यानं तपासायचे, तिथल्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घालायचे का ते बघायचं. "आता राहीलचं काय?" चाचा म्हणाले. अम्मीला वाटलं त्याला अपघात झाला. रडायलाच लागली बिचारी.

राहील म्हणजे माझा होणारा नवरा. पणजोबा म्हसळ्याचे, हा जन्मला केपटाऊनला. डिसेंबरात निकाह. तिथल्या पालिकेत तो पोहण्याच्या तलावांचं पाणी तपासतो. पण चाचांच्या तोंडी तलावाचं धरण झालं, धरणाचं खातं झालं, आणि मुरुडभर झालं — "जावई हुकूमतीत बडा अधिकारी हाय!"

घ्या आता.

२५ जुलै, शुक्रवार

नमाजनंतर आमच्या पडवीत बैठक. चाचा, मामू, अम्मी. खरं दुखणं आज कळलं. चाचांचा अरबाज अमेरिकेत आहे, त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद म्हणे अडकलेत. "उद्या विचारतील, तुझा बहनोई कोण? काय सांगेल पोरगा?" मामूंनी मान हलवली. मामू कशालाही मान हलवतात.

ठराव झाला — रिश्त्याचा फेरविचार. अब्बा गेल्यापासून या घरात चाचांचाच शब्द. मला कुणी विचारलं? मी चहा देत होते.

२६ जुलै

चाचांनी व्हॉट्सॅपवरून राहीलसोबतचा फोटो काढून टाकला. त्या जागी जंजिरा लावलाय. किल्ला बरा, त्याला कुणी निर्बंध घालत नाही.

२८ जुलै, सोमवार

मासेमारी बंद आहे, म्हणून रंगू कोळीण सुकट घेऊन आली. दारातूनच, "पोरी, तुजा नवरा अमेरिकेनं पकडला म्हनं?"

चाचा पडवीतून ओरडले, "पकडला नाय! आणि अधिकारी-बिधिकारी नाय, साधा क्लार्क हाय तो."

"मंग तवा लबाड बोल्लास व्हय?"

चाचा आत गेले ते गेलेच. मागच्या आठवड्यात राहील अख्खं खातं चालवत होता, आज क्लार्क. याच वेगानं गेलं तर शुक्रवारपर्यंत राहील झाडू मारायला लागेल. सुकट मात्र चांगली होती.

३० जुलै

मी काम करते त्या लॉजवर पावसाळ्यात कोण येतंय! काउंटरवरूनच राहीलला फोन लावला, सगळं सांगितलं. तो हसत सुटला. त्याची मराठी त्याच्या दादीच्या वेळची. "अमेरिका? मी पानी नीट नाय तपासला तर पवायला येनाऱ्या म्हाताऱ्या निर्बंध घालतात माझ्यावर. त्या लय कडक हायत."

मग म्हणाला, "तू काय म्हनतेस, काशिफा?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. "तपासून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. इथं लिहिते — मला हाच माणूस पाहिजे. बास.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज तोंड उघडलं. चाचांना म्हटलं, तो कुणी बडा नाही, तलावाचं पाणी तपासतो. अमेरिकेला त्याचं नावही माहीत नसेल. अरबाजला काही होणार नाही.

चाचांचा चेहरा उजळला. पुढच्या क्षणी पुन्हा पडला. "म्हंजे नोकरी एवढीशीच? मग असल्या घरी आपली मुलगी कशाला द्यायची? लोकं काय म्हनतील?"

जसं काही हे त्यांना आजच कळलं! परवा मोठा म्हणून नको होता, आज लहान म्हणून नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुढच्या शुक्रवारी केपटाऊनला नकार कळवणार आहेत. मामूंनी मान हलवली.

"अम्मी, तू तरी बोल ना काही." अम्मी म्हणाली, "त्यांचं ऐकावं लागतं गं." एवढा राग आला की जेवले नाही.

४ ऑगस्ट

राहीलचा मेसेज — "झालं का तपासून?" दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. उत्तर काय देणार?

७ ऑगस्ट, गुरुवार

अरबाजचा फोन आला. त्याला परत पाठवतायत. कागद अडकले नव्हतेच. कागद केलेच नव्हते! फिरायच्या व्हिसावर गेला आणि पेट्रोल पंपावर राहिला, एवढंच. घरात मात्र "कंपनीत मॅनेजर" होता.

लॉजवरून आले तर चाचा पडवीत एकटेच. मोबाईल पालथा ठेवलेला. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं.

मला जवळ बोलावून म्हणाले, "काशिफा, राहीलची हुकूमतीत ओळख असंल ना? बडा अधिकारी हाय तो. अरबाजला तिकडं केपटाऊनला एखादी नोकरी... तू फोन लाव ना त्याला."

"लावते, चाचा," मी म्हटलं. "आधी डिसेंबरची तारीख पक्की करा."