पान अडतीस आणि एकोणचाळीस

हुपरी,
१२ मे

प्रिय अवंतिका,

फोनच करणार होते. तीनदा नंबर लावला आणि कट केला. तू "काय म्हणतीयस?" विचारशील, मी "निवांत" म्हणेन आणि पुन्हा एकदा खोटं बोलून मोकळी होईन, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र. माझं अक्षर जगात तुला एकटीलाच लागतं. आधी कामाचं सांगते. एस्टिमेशन थिअरीच्या पेपरला पुन्हा बसायचे फॉर्म वीस तारखेपर्यंतच घेणार आहेत. ही तुझी शेवटची संधी आहे, यावेळी राहिलीस तर एम.टेक.मधून नाव कमी होईल. तुझा फॉर्म आला नाही हे मला ऑफिसात कळलं. परवा काकू महाद्वार रोडला भेटल्या. मी विचारायच्या आतच म्हणाल्या, "पुस्तकाला हात लावत न्हाय बघ ती. म्हणती, माझं डोकंच त्यातलं न्हवं."

उचगावच्या शोरूममध्ये तू गिऱ्हाइकांना मोटारी दाखवतेस असं कळलं. त्या कामात वाईट काही नाही, आणि तू बोलायला लागलीस की समोरच्याला गाडी घ्यावीच लागत असणार. पण तू स्वतःला ढ समजून तिथे उभी राहावीस, हे मला सहन होत नाही. का, ते सांगायलाच बसले आहे. जरा दमानं वाचशील ना?

एस्टिमेशनचं, अंदाज करायला शिकवणारं आपलं ते पुस्तक आठवतं? अस्सल प्रत परवडणारी नव्हती आणि लायब्ररीतली एकुलती एक प्रत कायम कुणीतरी नेलेली. मग कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून सहाशे पानं काढून घेतली, आणि एवढा गठ्ठा एका स्पायरलमध्ये बसेना म्हणून त्यानं दोन भाग करून दिले. पहिला भाग मी घेतला, दुसरा तू. ठरलं असं की जिचा भाग तिनं आधी वाचायचा आणि दुसरीला शिकवायचा. सर तर निम्मं पुस्तक "घरी वाचा" म्हणून सोडायचे. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तू मला कालमन फिल्टर शिकवलास, तसा तो आजही मला कुणी शिकवू शकत नाही. आधी अंदाज कर, मग नवं मोजमाप आलं की अंदाज सुधार, आणि मोजमापावर किती विश्वास टाकायचा ते आकड्यानंच ठरव. तू एवढंच सांगितलंस आणि चाळीस पानं सुटली. मी तुला पहिल्या भागातली अचूकतेची मर्यादा शिकवली. अंदाज करायची रीत कितीही हुशार असो, एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अचूक ती होऊच शकत नाही, हा तो नियम. तू म्हणालीस, "हे बरं हाय की. माणसानं कुठं थांबायचं ते आधीच कळतंय."

आणि आमच्या घरी आली होतीस तो रविवार. अब्बा पैंजणांना घुंगरं लावत बसले होते. आपण काय शिकतो ते तू त्यांना सांगितलंस, तर ते हसायला लागले. "अंदाज करायला पुस्तक लागतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी डब्यातून मूठभर घुंगरं काढली आणि न मोजता आकडा सांगितला. तू लगेच वही काढलीस. तीस वेळा त्यांना मूठ भरायला लावलीस, तीसही वेळा मोजलीस, अम्मीचा चहा थंड करून टाकलास. शेवटी म्हणालीस, चाचा दर खेपेला पाचेक घुंगरं कमीच सांगतात. अब्बांना राग आला नाही. म्हणाले, "मुद्दामच सांगतो. जादा सांगून कमी निघालं तर कारागिराचं काम अडतंय." तू वहीत लिहिलंस की चूक माहीत आहे, म्हणजे पाच मिळवले की झालं. तू जाईपर्यंत अब्बा तुला मास्तरीणबाई म्हणत होते. अजून विचारतात, मास्तरीणबाई का येत न्हाय आता. मी दर वेळी वेगळं काहीतरी सांगते.

माझं म्हणशील तर बाहेरून सगळं झकास आहे. त्या पेपरात पहिल्या येणाऱ्याला सर संशोधनाची एकच जागा देणार होते, ती मला मिळाली. ज्युनिअर मुलांना तेच पुस्तक आता मी शिकवते. तुझा भाग शिकवायची वेळ आली की तू सांगितलेलं जसंच्या तसं बोलते आणि मुलं माना डोलावतात. माझ्या भागातल्या त्या मर्यादेपाशी मात्र माझी बोबडी वळते. गेल्या आठवड्यात तर फळ्यावर निम्मं लिहिलं आणि पुढचं हातानं लिहिलंच नाही. डोकं दुखतंय सांगून बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. संशोधनाचं एक पान पुढे सरकलेलं नाही. सरांना वाटतं मी आजारी आहे. वाचायला बसले की ओळी नुसत्या दिसतात, कळत काही नाही. आणि विचारायला तू नाहीस. असं किती दिवस चालेल मला खरंच माहीत नाही. मी थकले आहे, अवे.

पेपरच्या दिवशी सकाळी तू मला शिवाजी पेठेत घराकडे बोलावलंस. काकूंनी दही-साखरेची वाटी तुझ्या हातात दिली होती. तू आधी मला भरवलंस, मग त्याच चमच्यानं स्वतः खाल्लंस आणि म्हणालीस, "एकीचं चांगलं गेलं की दोघींचं गेलं." पेपर संपल्यावर तू पांढरीफटक होऊन बाहेर आलीस. तिसऱ्या प्रश्नात तुझा अंदाज त्या मर्यादेपेक्षाही अचूक निघत होता. नियमानं हे शक्य नाही, म्हणजे आपलंच कुठंतरी चुकलं, म्हणून तू तासभर चूक शोधत बसलीस. ती सापडली नाही तेव्हा अख्खं उत्तर खोडलंस, आणि पुढचे दोन प्रश्न तसेच राहिले. मी गप्प उभी होते. तूच माझी समजूत काढल्यासारखं म्हणालीस, "तू शिकवलेलं न्हाय चुकायचं. माझंच गणित कच्चं." चाळीस लागत होते, तुला तेहतीस पडले.

अवंतिका, तुझं उत्तर बरोबर होतं. आपल्या झेरॉक्समध्ये अडतीस आणि एकोणचाळीस ही दोन पानं नाहीत. कडेचे आकडे कापले गेले होते आणि सदतीसाव्या पानाचं वाक्य तिथेच संपत होतं, म्हणून आपल्याला पत्ता लागला नाही. ती मर्यादा केव्हा लागू होत नाही, ते त्याच पानांवर आहे: मोजमापाची हद्दच आपण शोधतो त्या अज्ञात आकड्यावर अवलंबून असेल, तर नियम सोडून द्यायचा. तिसरा प्रश्न नेमका तसलाच होता. इथवर ती झेरॉक्सवाल्याची चूक, आणि मी इथेच थांबले असते तर तू मला हसत माफ केलं असतंस. पण पेपरच्या आदल्या दिवशी लायब्ररीतली प्रत परत आली होती. ती पानं मी पाहिली, वाचली आणि त्यांच्या दोन प्रती काढल्या. एक माझी, एक तुझी. संध्याकाळी तुझ्याकडे यायला निघाले आणि वाटेत मनात आलं की जागा एकच आहे, आणि हे कळलं तर ती तुलाच मिळणार. मी मागं फिरले. सकाळी तुझ्या हातनं दही-साखर खाल्ली तेव्हा तुझी प्रत माझ्या बॅगेत होती. अब्बा मुद्दाम कमी सांगतात ते कुणाचं अडू नये म्हणून. मी मुद्दाम गप्प बसले ते तुझं अडावं म्हणून. सरांना उद्या हे सगळं सांगणार आहे, जागा गेली तर जाऊ दे. माझा पहिला भाग सोबत पाठवते आहे. फॉर्मही भरला आहे, फक्त सही तुझी हवी. मला माफ करू नकोस, पण सही कर. आणि सगळ्यात वर ती दोन पानं आहेत, सहा महिने बॅगेत राहून जरा चुरगळलेली. कोपऱ्यात पेन्सिलीनं तुझं नाव आहे. ते त्याच दिवशी लिहिलं होतं, प्रती अदलाबदल होऊ नयेत म्हणून.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
इरम