कामाच्या दिवशी गोळ्या बंद

४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.

आज सलूनमध्ये जे झालं ती चक्कर नव्हती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण धाकट्या भावाने घरी फोन केलाय आणि संध्याकाळपर्यंत राईचा पर्वत झालेला असेल. कंगवा पडला, तो घ्यायला वाकलो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून जरा खाली बसलो. धाकटा म्हणतो, दादा, तू बसला नव्हतास, आडवा झाला होतास, तोंडावर पाण्याचा फवारा मारावा लागला. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या खुर्चीमागे उभं करून याच्या हातात कात्री मी दिली. छान पांग फेडतोय.

दोन महिन्यांपूर्वी छातीत कळ आली तेव्हापासून हार्टच्या दोन गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, एक सकाळी नाश्त्यानंतर, एक रात्री जेवणानंतर. मी दोन्ही पहाटे उठल्या उठल्या घेतो. एकदा उरकलं की दिवसभर डोक्याला ताप नाही. कामाच्या माणसाची शिस्त डॉक्टरांना काय कळणार.

संकल्प: उद्यापासून कंगवा खिशात.

५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.

बायकोने बीपीचं मशीन माझ्या दंडाला गुंडाळलं. वरचा आकडा ८८. खालचा तिने सांगितलाच नाही. मशीन बिघडलंय. खात्री करायला तिचं बघितलं: १२४. धाकट्याचं: १२०. म्हणजे मशीन फक्त माझ्याच बाबतीत खोटं बोलतं. बरं, प्रेशर उतरवा, उतरवा म्हणून हेच सगळे मागे लागले होते. उतरवून दाखवलं तर आता तोंडं पाडून बसलेत.

बायकोने डॉक्टरांची यादी पुन्हा वाचून दाखवली. झटकन उठू नका, कढत पाण्याने आंघोळ नको, पाणी पीत राहा, काम शक्यतो बसून करा. बसून! चाळीस वर्षं उभ्याने वस्तरा चालवला. सलूनमध्ये जो बसतो त्याला गिऱ्हाईक म्हणतात.

७ फेब्रुवारी, गुरुवार.

मार्ग सापडला. त्रास होतो गोळ्यांनी, आणि होतो कामाच्या वेळी. तेव्हा कामाच्या दिवशी गोळ्या बंद. बुधवारी सलूनला सुट्टी, त्या दिवशी घरात बसून भरपाई. इतकी साधी गोष्ट एवढ्या शिकलेल्या माणसाला सुचू नये! कोणाला सांगणार नाही. हल्ली घरात बोललेलं सलूनमध्ये पोचतं आणि सलूनमधलं दवाखान्यात.

१३ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११, पलंगावरून.

सगळ्या घेतल्या नाहीत, मी काही वेडा नाही. फक्त तीन दिवसांच्या घेतल्या. मग निवांत, कढत पाण्याने आंघोळ. बाथरूमपासून कपाटापर्यंत चार पावलं आहेत. तिसरं आठवतं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

बायकोला सांगितलं, ओल्या पायाने घसरलो. ती गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत राहिली. नंतर चप्पल घालून कुठेतरी जाऊन आली. कुठे, ते सांगितलं नाही.

निष्कर्ष: मला सुट्टी मानवत नाही. माणूस कामात असला की शरीर ताळ्यावर राहतं. यापुढे राहिलेल्या गोळ्या कामाच्या दिवशी, सकाळी, जमतील तशा.

१७ फेब्रुवारी, रविवार.

एकच गोष्ट मनाला उभारी देणारी. रिटायर्ड पोस्टमास्तर चार दिवस रोज येतायत. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण आधी पंधरवड्यातून एकदा यायचे. आता सलून उघडायच्या आधी दारात उभे, थेट माझ्या खुर्चीत. दाढी, मग कल्ले, मग डोक्याची मालिश, मग मिशी जरा आणखी बारीक. दुपारपर्यंत उठत नाहीत. आलेल्यांना धाकट्याकडे बसावं लागतं, त्याला घाम फुटतो. रोज काढण्यासारखं त्यांच्या हनुवटीवर फारसं नसतं, तरी फेस मी भरपूर करतो.

घरचे सगळे उलटले. पण हाताची पारख असलेला एक माणूस अजून माझ्या बाजूला आहे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.

सविस्तर लिहीत नाही. सकाळी राहिलेल्यांपैकी चार गोळ्या घेतल्या. नाश्त्याला थांबायला वेळ नव्हता.

पोस्टमास्तरांच्या कानापाशी वस्तरा होता. तिथून गळ्याकडे उतरणार होतो. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. आरशातला मी पांढराफटक दिसलो, मग आरसाच दिसेना. जाग आली तेव्हा जमिनीवर होतो. पोस्टमास्तर गुडघ्यावर बसलेले, माझं मनगट दोन्ही हातांनी धरलेलं. त्यांच्या कानाच्या पाळीतून रक्त येत होतं. थोडंच. धाकट्याने तुरटी लावली. गळा तिथून चार बोटांवर.

धाकट्याने वस्तरा उचलला, पुसला, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. माझा वस्तरा. मी परत मागितला नाही. मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, दुसरं कोणी वाचत नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार.

बायकोने डॉक्टरांच्या टेबलावर गोळ्यांची पाकिटं मांडली. सोबत घरचं कॅलेंडर. कोणत्या दिवशी किती गोळ्या गेल्या, त्या त्या चौकटीत लिहिलेलं. चौतीस वर्षांचा संसार, आणि घरात हेर! मी म्हटलं, माझी स्वतःची पद्धत आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आपल्या मनाने बंद करणं आणि आपल्या मनाने एकदम घेणं, दोन्हीने जीव जातो, तुम्ही दोन्ही करून बघितलंत. आडवं करून प्रेशर बघितलं, उभं करून बघितलं. एका गोळीचा डोस कमी केला. पुढचं सगळं बायकोला समजावलं, मी तिथे नसल्यासारखं.

परत येताना तिच्याशी बोलणार नव्हतो. ती रस्त्यात रडायला लागली, म्हणून बोललो.

४ मार्च, सोमवार.

बारा दिवस सांगितल्याप्रमाणे. नाश्ता, मग गोळी. जेवण, मग गोळी. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उठणं. एकदाही अंधारी नाही. मशीन ११६.

डॉक्टर बरोबर निघाले. इतका मोठा दगा मला आजवर कोणी दिला नव्हता.

त्यांनी कामाची परवानगी दिली आहे. धाकट्याने वस्तरा परत दिला. सगळ्यांना माफ केलं. गुरुवारपासून पूर्ववत.

७ मार्च, गुरुवार. दुपारी १.

नऊला पोस्टमास्तर आले. मी खुर्ची झटकली, स्वच्छ कापड उघडून धरलं. ते धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

वाटलं, चुकले असतील. तसं म्हटलं. म्हणाले, नाही, आता तुम्ही बरे झालात, आता गरज नाही. कसली गरज? तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. मी घरी पडलो त्या दिवशी बायको त्यांच्याकडे गेली होती. यांना समजवा म्हणाली. पोस्टमास्तर तिला म्हणाले, तो कोणाचं ऐकायचा नाही, मी आपली त्याची खुर्ची अडवून बसतो. दुसरं कोणी त्या वस्तऱ्याखाली येऊ नये म्हणून. माझी मान अठ्ठ्याहत्तर वर्षांची, म्हणाले, ज्यांची पोरं लहान आहेत त्यांची कशाला?

त्यांच्या कानाच्या पाळीवर बारीक वण राहिलाय. मग न राहवून विचारलं, ते ठीक आहे, पण तीस वर्षं माझ्याच खुर्चीत बसलात ते हातासाठीच ना?

त्यांनी डोळे मिटले होते. म्हणाले, तुमची खुर्ची दाराजवळ आहे, वारा येतो. हात धाकट्याचा पहिल्यापासून हलका.

धाकट्याने मान वर केली नाही. त्यांच्यानंतर पाच जण आले, पाचही त्याच्याकडे थांबले. मी सलूनमधले सगळे टॉवेल धुतले आणि मागे वाळत घातले.