श्चेपानकिएविच, हालिना

२० मे १९७४

यंदाही पदवीदानाला नावं मीच वाचायची! मुख्याध्यापकांनी एकशे बारा चिठ्ठ्या माझ्या टेबलावर टाकल्या आणि काढता पाय घेतला. पोलिश, स्लोव्हाक, हंगेरियन — अमेरिकेतल्या आमच्या या गावात सरळ आडनाव औषधालाही सापडायचं नाही. मी साधी कारकून. पण एकोणीस वर्षं घरोघर फोन करून विचारते, तुमच्याकडे कसं म्हणतात?

२२ मे

हालिनाच्या घरी फोन. तिला आईबाप नाहीत, आजोबांनीच वाढवलंय. म्हणाले, "'स्टेप्स' म्हणा बाई. सगळे तेच म्हणतात. उगाच पोरीचं हसं नको." बोलताना सारखे खोकत होते.

२३ मे

हालिना आली, दार लोटून घेतलं. "हिल मॅडम, पूर्ण म्हणा ना. पोलादाच्या कारखान्यात मुकादम बावीस वर्षं आजोबांना 'एबीसीडी' म्हणायचा. ते हसून घालवायचे. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत काही ते राहत नाहीत."

तिच्याकडून शिकायला बसले — श्चेपानकिएविच. माझी जीभच वळेना! ती डोळे पुसत हसत सुटली.

३० मे

भांडी घासताना श्चे-पान-किए-विच. मांजर कंटाळून उठून गेलं. अजून जमत नाही. मंचावर अडखळले तर म्हाताऱ्याचा पुन्हा तमाशा, तोही माझ्या तोंडून!

७ जून

जमलं! एका दमात!

टाळ्या शेवटीच वाजवायच्या, हा आमचा दंडक. सभागृह चिडीचूप. हालिना पायऱ्या चढत होती आणि तिसऱ्या रांगेत आजोबाच उठून उभे राहिले. टोपी हातात, ताठ. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बसा की!"

"बसू कसा? माझं नाव पुकारलं ना!"

हालिनानं नंतर सांगितलं. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत नाव पुकारलं की लगेच उभं राहायचं, नाहीतर त्या दिवसाचा पाव हुकायचा. पूर्ण नाव त्यांनी तिथंच शेवटचं ऐकलं होतं. मंचावर मला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी पुढची चिठ्ठी दिसेना. सगळ्यांसमोर रडले. रडले तर रडले!

९ जून

आईच्या बायबलातला कागद घेऊन हालिनाच्या आजोबांकडे गेले. बाबांनी कापून 'हिल' केलं, त्याआधीचं पोलिश आडनाव त्यावर आहे. त्यांनी ते घरात कधी उच्चारलं नाही, आणि मला इतकी वर्षं कुणाला विचारायची लाज वाटली. आजोबांनी चष्मा लावला, सावकाश, मोठ्यानं वाचलं. मी उभी राहिले. अठ्ठावन्न वर्षांत माझं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.