काठीला दहावी लागते

५ डिसेंबर

धाकट्या बहिणीचा, अंबिकाचा फोन. हसून हसून बोलताच येईना तिला. "अण्णा, तुझी काठी गेली!"

जत्रा कमिटीनं ठराव केलाय — दहावी झाली न्हाई त्यानं जत्रेत महादेवाची काठी उचलायची न्हाई. चौकात फ्लेक्सबी लागला म्हने. देवाला मार्कशीट दाखवायची का आता!

मी नववीतूनच उठलो. तरी मानाची काठी आमच्या घराचीच. आधी आज्याच्या कमरेला, मग अप्पाच्या, आता माझ्या. दोन मजली घराएवढा बांबू, वर झेंडा, चारी बाजूला दोऱ्या धरायला चौघं — आन् मधी एकटा मी. त्या एका संध्याकाळसाठी वर्षभर कुठंबी काम करतो मी. हैदराबादची बेकरी झाली, पुणं झालं, आता हे कच्छ. वाळूत सोलरचे पॅनल बसवून राहिलो. उद्या कुठं, देवाला माहीत.

६ डिसेंबर

रात्रभर डोक्यात काठीच. सकाळी शिवकुमार म्हनला — आमच्या गावचाच, माझ्यासोबत साइटवर हाय, काठीची दोरी धरतो — "अरे येड्या, काठीवाले सगळे शाळा सोडलेलेच हायेत की! कोनीच जायचं न्हाई. बघू कोन उचलतंय!"

कमाल डोकं! आठवीतून सुटलेलं! सगळ्या पोरांना फोन लावले. सगळे हाव म्हनले.

आन् काठीचा कंबरपट्टा तर माझ्याच बॅगेत. आज्याचा, चामड्याचा. जाईल तिथं नेतो मी. बसा म्हनावं आता!

१४ डिसेंबर

कुसुम मॅडमला फोन लावला. गावच्या शाळेत गणित शिकवतात, जत्रा कमिटीतबी हायेत. ठराव त्यांच्याच डोक्यातला. चांगलं भांडायचं ठरवून लावला, तर म्हनल्या, "कोण, संगमेश? जेवलास का?" अर्धं भांडन तिथंच गेलं.

तरी म्हनलो — मॅडम, जबरदस्तीनं कोन शिकतं? दहावीवाचून माझं काय अडलं?

"तुझं नसेल अडलं. पण आत्ता अर्धी नववी साइटवर जायला निघालीय. का रे म्हटलं, तर म्हणतात, संगमेशअण्णा कुठं शिकलाय! पंधराव्या वर्षी कशाला नाही म्हणतोय, ते कळतं का पोराला?"

मला कळत होतं, म्हनलो.

"काय कळत होतं?"

रेंज गेली म्हनून फोन ठेवला. रेंज होती.

१५ डिसेंबर

दिवसभर तेच. काय कळत होतं मला? शाळेच्या खिडकीतून उदगीरचा रस्ता दिसायचा. तिथून जानारे ट्रक कुठं जातात ते बघायचं होतं. बास, एवढंच. बघितलं. कच्छात येतात!

पन पोराला बाकाला बांधून घालनं मला पटत न्हाई. बांधलेलं पोरगंबी खिडकीतच बघनार.

२९ डिसेंबर

लई वाईट खबर. कमिटीचे अध्यक्ष संगप्पा काका घरी येऊन गेले. म्हनले, जुने काठीवाले येनार न्हाईत, आन् तुमच्या घरात दहावीवालं कोनी न्हाई, तर मान यंदा दुसऱ्या घराला. अप्पा जेवलाच न्हाई म्हने. आमचा संप आमच्याच अंगावर आला!

अंबिका म्हनली, "आपल्या घरात हाय की दहावीवालं."

"कोन?"

"मी! देवनीला अकरावीत हाय मी, इसरला का?"

इतका हसलो, इतका हसलो — तिनं फोनच कट केला.

३० डिसेंबर

उचलून न्हाई राहिली फोन.

४ जानेवारी

अव्वाकडून कळलं, लेक माझं ऐकंना म्हनली. अंबिका खरंच गेली कमिटीत. आजवर कुठल्या पोरीनं काठीला हात लावलेला न्हाई. संगप्पा काका म्हनले, "पोरीच्या जातीला झेपंल का?" ही म्हनली, "फ्लेक्स वाचा काका. दहावी लागते एवढंच लिव्हलंय." पोरींना मनाई लिव्हावी, हे कोनाच्या डोक्यातच आलं नव्हतं! कुसुम मॅडम गालात हसत होत्या म्हने. अप्पा उठून एकच बोलला — "मान घराचा हाय. ती घरातलीच हाय."

अप्पा! जो मला अजून ट्रॅक्टर देत न्हाई!

१२ जानेवारी

व्हिडिओ आला. शाळेमागं साधा बांबू घेऊन अंबिका. दोन पावलं गेली आन् धाडकन आडवी. साइटवरचे सगळे हसले. मीबी. मग परत बघितला. हातानं पेलून राहिली ती! काठी हातानं पेलत न्हाईत. हात नुसते सांभाळायला. वजन कमरेवर, गुडघे ढिले, आन् नजर वर झेंड्यावर — पायाकडं बघितलं की गेली.

फोन लावला. उचलला एकदाचा. "हसायला केला का?"

"न्हाई ग. गुडघे ढिले सोड."

२० जानेवारी

दहा पावलं चालली!! पोरींनीच दोऱ्या धरल्या. शिवकुमारला दाखवलं तर तोंड वाकडं करून म्हनला, "फितूर झाला तू."

२१ जानेवारी

एक गोष्ट कोनाला सांगनार न्हाई, इथंच लिव्हतो. नववीत मला सगळे म्हनायचे — शीक, साहेब होशील. मला कुठं साहेब व्हायचं होतं! पन तेव्हा कोनी म्हनलं असतं, दहावी न्हाई तर काठी न्हाई — बारावीपर्यंत बसलो असतो बाकावर. खिडकीकडं पाठ करून!

मॅडमला कळतं लई.

११ फेब्रुवारी

पट्टा बॅगेत. गाडीत बसलो. शिवकुमार पन. "जत्रा बघायलाच येऊन राहिलो," म्हनतो. बघू!

१६ फेब्रुवारी

पट्टा अंबिकाला दोनदा गुंडाळून बसला. नवीन भोक मीच पाडलं. बक्कल चारदा ओढून बघितलं — तिनं न्हाई, मी!

समोरची दोरी मी धरली. मागची शिवकुमारनं. वेशीपाशी वारं आलं, काठी झुकली. मी दोरी खेचली, तर वरडली — "अण्णा, ढिली सोड! माझं मी बघते!" सोडली. काठी सरळ. हर हर महादेव! अव्वा रडत होती आन् शेजारनीला सांगत होती, डोळ्यात गुलाल गेला. अप्पा सगळ्यांना पेढे वाटत पुढं पळत होता.

मी पहिल्यांदाच झेंडा खालून बघितला. लई उंच असतो.

१८ फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. संगप्पा काका म्हनले, "यंदा झालं ते झालं. पोरगी पडली असती म्हंजे? ठराव मागं घेऊ. पुढच्या वर्षी काठी पोरांची." पोरांनी शिट्ट्या मारल्या. शिवकुमारनं पाठीत थाप घातली — "आली बघ तुझी काठी परत!"

अंबिका दाराशी उभी होती.

मी उठलो. म्हनलो, काका, ठराव हाय तसाच ऱ्हाऊ द्या. माझी दहावी व्हायची हाय अजून.