बाक भरलेला दिसावा म्हणून

जोगेश्वरी (पूर्व),
शनिवार, ता. १५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय डॉक्टर तेजल मॅडम यांस,

राजाराम शेजवळचा सविनय जय भीम. इकडे सर्व ठीक. तुम्ही आठवडाभर पार्ल्याला आईंकडे आहात, थोडी विश्रांती मिळत असेल. दवाखाना रोज साडेनऊला उघडून झाडून घेतो. बीपीचं मशीन तपासून आणलं, चार पॉइंट जास्त दाखवत होतं. नंदू पेंटरच्या पायाची जखम भरत आली. ड्रेसिंग मी केलं, औषध बदललेलं नाही. कंपाउंडरने कुठे थांबायचं ते मला कळतं.

असं मी आजवर म्हणत आलो.

सोमवारी तुमचा फोन आला. "काका, मी दवाखाना बंद करतेय. समोरच्या पॉलिक्लिनिकमध्ये नोकरी मिळतेय, महिनाअखेर हो म्हणायचंय. मी हळू आहे. लोक कंटाळतात. आणि माझ्या हळूपणापायी अंजनाबाईंचा हात गेला."

मी म्हणालो, "बघा मॅडम, तुमची मर्जी." एवढंच म्हणालो. तेव्हापासून हे पत्र तीनदा लिहून फाडलं. फोनवर मी वेळ मारून नेतो, म्हणून कागद घेतला.

मॅडम, तुम्ही हळू नाही.

मी दहावी नापास. ज्यांच्याकडून तुम्ही हा दवाखाना घेतलात त्या मोठ्या डॉक्टरांकडे सव्वीस वर्षं काढली. औषधाच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद डिक्शनरी घेऊन वाचले. पेशंट कशाने येतो आणि कशाने टिकतो हे मात्र कुठल्या कागदात नव्हतं, ते मी स्वतः शोधून काढलं. नाव लक्षात ठेवायचं. तिसऱ्या दिवशी फोन करून ताप उतरला का विचारायचं. केसपेपर आडनावाने न लावता गल्लीने लावायचे, म्हणजे सून आली की सासूची गुडघेदुखीही विचारता येते. हे सगळं चांगलंच होतं.

मग समोर एसीवालं पॉलिक्लिनिक आलं आणि आपला बाक रिकामा दिसायला लागला. रिकाम्या दवाखान्यात कोणी पाय ठेवत नाही. गर्दी दिसली की लोक म्हणतात, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. सहा ते सात स्टेशनवरून माणसं घरी परततात, त्यांना आपला बाक रस्त्यावरून सरळ दिसतो. म्हणून त्या तासात मी बाक भरून ठेवायला लागलो. आलेल्याला म्हणायचं, मॅडम बिझी आहेत, बसा. तुम्ही आत एकट्या. घंटी वाजवून विचारायचात, "काका, कोण आहे?" तर मी म्हणायचो, केसपेपर शोधतोय. गल्लीने लावलेला केसपेपर मला वीस सेकंदांत सापडतो, मॅडम.

पेशंट वाढले. मला त्याचा गर्व होता. 'मॅडम फार वेळ लावतात' असं लोक बोलायला लागले, तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाची माफी मागायला लागलात, तरी मी गप्प राहिलो. श्वेताच्या बाळाचं वजन का वाढत नाही हे समजावताना तुम्ही घड्याळाकडे बघायला लागलात. तेही मी पाहिलं.

आता ता. १६ ऑक्टोबर, गुरुवार.

अंजनाबाई मासळी विकून बाजारातून थेट आल्या, सहा वाजून पाच मिनिटांनी. बाकावर तिघं होते, तुमच्याकडे कोणी नव्हतं. त्या काउंटरला टेकून म्हणाल्या, "राजाराम, दुपारी तीनपासून जीभ जड झालीय रं. कोयता पण हातात राहत नाय."

मी म्हणालो, "उन्हाचं असेल. बसा, चौथा नंबर."

"बसते तर. तुझा नंबर म्हंजी कोर्टाची तारीख."

बाकावरचे हसले. मीही हसलो. जीभ जड, हातातली वस्तू सुटणं, याचा अर्थ लकवा, हे मला पाठ आहे, मॅडम. मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवर लावलेला तक्ता माझ्याच अक्षरात आहे. पण माझं लक्ष रस्त्यावर होतं. बाक भरलेला होता आणि छान दिसत होता.

सहा पंचवीसला मी पहिला पेशंट आत सोडला. तिसरी श्वेता, बाळ घेऊन. सहा पंचेचाळीसला अंजनाबाई बाकावरून घसरल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलात. हॉस्पिटलात सात वीसला पोचलो, स्कॅन होईतो सात पन्नास. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मुदत साडेसातला संपली होती.

तुम्ही केसपेपर मागितलात तेव्हा मी ६.०५ ची वेळ ६.२५ केली, म्हणजे तुम्ही आत एकट्या होतात ती वीस मिनिटं पुसली गेली. दोन वर्षं तुम्ही मला म्हणताय, काका, तुमची नोंद म्हणजे देवाची नोंद. तुम्ही तो कागद बघून म्हणालात, "म्हणजे मी श्वेताशी गप्पा मारत होते तेव्हा त्या बाहेर होत्या." मी मान हलवली.

त्यांची मुलगी सुगंधा मला बोंबलाचा डबा देऊन गेली. म्हणाली, "काका, तुम्ही धावलात म्हणून आय वाचली." तो डबा मी खाल्ला. हेही लिहितो, कारण न लिहिलं तर मी थोडा बरा दिसेन.

परवा त्यांच्या घरी गेलो. अंजनाबाई खाटेवर, उजवा हात उशीवर ठेवलेला. मला बघून बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगलं... व्हतं... तुला."

सुगंधाने पदराने त्यांची लाळ पुसली. "आय कायपण बोलते, काका. मनावर घेऊ नका."

अंजनाबाई माझ्याकडेच बघत होत्या. रागाने नाही. सुगंधाचं म्हणणं मी खरं ठरवू देतो की नाही, हे बघत होत्या. मी म्हणालो, "सुगंधा, आई बरोबर बोलतेय." आणि सगळं सांगितलं, वेळेसकट. शेवटी सुगंधा म्हणाली, "जा तुम्ही." चप्पल घालताना मागून तिचा आवाज आला, "चाळीस मिन्टं तिला नुसती बघायला ठेवली? दुकानात साडी लावतात तशी?"

तिथून सरळ दवाखान्यात आलो.

केसपेपरवर ६.०५ परत लिहून, कोणी आणि का बदललं ते खाली लिहिलं आहे, सही केली आहे. तो कागद आणि किल्ल्या सोबत पाठवतो. तुम्ही तक्रार केलीत तर पोलिसांपुढे हेच सांगेन. सुगंधाने केली तरी हेच.

मी उद्यापासून येत नाही. पण तुम्ही जाऊ नका. लोक तुमच्यासाठी येतात, हे मला दोन वर्षं दिसत होतं, फक्त ते माझ्यामुळे येतात असं मला मानायचं होतं. श्वेताच्या बाळाचं वजन पाव किलो वाढलं. ती बुधवारी येऊन, तुम्ही नाही बघून, पुन्हा संध्याकाळी आली. समोर गेली नाही.

कंपाउंडर कुठे गेला म्हणून लोक विचारतील. खरं ते सांगा. माझी लाज राखू नका.

खाली 'आपला विश्वासू' लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही.

राजाराम शेजवळ