पाहुणीची हजेरी

बाई, शनिवारची सकाळची शाळा सुटून तास झाला, तरी मी स्टाफरूममध्येच बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय गं, घर विसरलीस काय?" तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमचं ते 'काय गं' अजून पाठीत बसतं. समोर हजेरी कमी भरलेल्या मुलांची यादी आहे. सोमवारी ऑफिसात द्यायची आहे आणि तिच्यात एकच नाव लिहायचं राहिलंय, माझ्या दहावीच्या वर्गातल्या सुकापूरच्या एका मुलीचं. ते लिहिलं की तिचा बोर्डाचा फॉर्म अडकला. नियम नियमच आहे, मला मान्य आहे. पण तिच्या गैरहजेरीत माझाही हात आहे, तो रकाना यादीत नाही.

उरणकडच्या आमच्या गावातली ती शाळा आठवते. मी चौथीत. मिठागराचं काम सुरू झालं की आई पहाटेच जायची आणि तीन वर्षांची धाकटी बहीण माझ्या गळ्यात. आठवड्यातले तीन दिवस माझी दांडी. तुम्ही म्हणालात, घरून चिठ्ठी आण. घरात लिहिता कोणाला येत होतं? मीच लिहिली: 'आय मिठावर गेली. घरी कोनी नाय म्हनून मी आली नाय.' तुम्ही ती चिठ्ठी वर्गासमोर धरता, लाल पेन काढता आणि मोजता. सहा चुका! पोरं फिदीफिदी हसतात. "सुधारून लिहून आण," एवढंच बोलून तुम्ही फळ्याकडे वळता. त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता बाई, की वाटलं, जळली मेली ती शाळा, परत पाऊल टाकायचं नाही.

आणि शनिवारी दुपारी तुम्ही आमच्या दारात. साडीच्या काठाला बांधावरचा चिखल, हातात चपला. आईची नुसती तारांबळ. "बाई, बसा ना, पन बसवू कुठं तुमाला?" तुम्ही म्हणालात, "बसायला नाही आले. सोमवारपासून दोघींना पाठव. धाकटी हिच्याशेजारी बसेल." मी दाराआडून पुटपुटले, तुम्ही तर नुसत्या चुकाच काढल्यात. तुम्ही डोळे वटारलेत. "चुका काढायला आधी वाचावं लागतं ना गं, बावळे?" सोमवारपासून धाकटी पुढच्या ओळीत, तुमच्या जुन्या पाटीवर गिरगटत. हजेरी संपली की तुम्ही वही मिटायचात आणि विचारायचात, "आणि आमची पाहुणी?" ती बेंबीच्या देठापासून ओरडायची, "हाय!" आमच्या प्रत्येक 'नाय'चं तुम्ही 'नाही' केलंत, पण तिचं ते 'हाय' कधी सुधारलं नाहीत.

आता हजेरी मोबाइलवर लावतात. नावावर बोट टेकवलं की ते लाल होतं आणि दहा वाजता घरी आपोआप मेसेज जातो. ही सुकापूरची मुलगी आधी एखादा दिवस चुकवायची, मग आठवड्याला दोन, मग तीन. मी चिठ्ठी मागितली. तिनं आणली, स्वतःच्याच अक्षरात: 'आजी घरी एकटी हाय म्हणून मी आली नाय.' पन्नास वह्यांचा ढीग होता, बेल व्हायची होती. लाल पेन हातातच होतं. 'हाय'चं 'आहे' केलं, 'आली नाय'चं 'आले नाही' केलं, खाली लिहिलं, 'पालकांची सही हवी.' आणि दुसऱ्या दिवशी नोटीस पाठवली. त्यानंतर ती आलीच नाही.

काल तिची आई आली होती. नवरा-बायको दोघंही द्रोणागिरीला गोदामात कामाला. आजीला काही आठवत नाही. दार उघडं दिसलं की माथेरान रोडनं चालत सुटते. दोघांची पाळी एका वेळी आली की मुलगी घरी थांबते. तिची आई भांडायला आली नव्हती, ते फार लागलं. पदराचं टोक चोळत म्हणाली, "मॅडम, ती म्हनते, बाईंनी चिठ्ठी वाचली, समदं बरोबर करून दिलं, पन आजीला काय झालं ते इचारलं नाय. आता शाळेचं नाव काढलं का रडते. तुमी वाचली व्हती ना?" मी म्हटलं, हो. धडधडीत खोटं बोलले, बाई. मी ती वाचलीच नव्हती. तुम्ही वाचून चुका काढायचात. मी न वाचता काढल्या.

काल तिच्या आईला म्हणाले, उद्या शाळा सुटली की येते घरी. आजीला दिवसा कुठे ठेवता येईल, तुमची पाळी बदलून मिळेल का, हेडबाईंना काय सांगायचं, सगळं बोलू. सुकापूर इथून रिक्षानं दहा मिनिटं. तुम्ही तर बांध तुडवत आला होतात. आणि मी काय केलं, तर कागद ओढला नि तुम्हाला पत्र लिहायला बसले. ते कुठे टाकायचं, कुठली पेटी, कुठला पत्ता? त्या पोरीसमोर उभं राहायची लाज वाटते, म्हणून हे सगळं. तर ही माझीही चिठ्ठी समजा, पालकांच्या सहीशिवाय. एक वाजून गेला, ती दाराशी वाट बघत असेल, आणि बाई, मी अजून गेली नाय.