गच्चीवरच्या खोलीचं छप्पर

१४ एप्रिल २००४
भिंती झाल्या! गच्चीवर, आमच्या खोलीच्या! दारसुद्धा बसलं. छप्पर तेवढं राहिलंय.

लग्नाला वर्ष होत आलं. अजून मी आणि अभिनव बाहेरच्या खोलीत, सासूबाई आणि बाबा आत स्वयंपाकघरात. बाथरूमला जायचं तर बाबांना आमच्या गादीवरूनच जावं लागतं. बिचारे आधी मोठ्यांदा खाकरतात. धास्ती इतकी बसलीय की ऑफिसात कुणी खाकरलं तरी मी पदर नसताना पदर सावरते.

१८ एप्रिल
घरात दोन पक्ष. बाबा — पत्रा. अभिनव — शिंगल्स. औंधच्या कुठल्याशा बंगल्यावर पाहून आलाय. डांबराचे चपटे तुकडे, वर बारीक खडी, कौलांसारखे एकावर एक ठोकायचे. "पत्र्याखाली भाजून निघू! आणि पावसात केवढा आवाज, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही."

कुणाचं कुणाला ऐकू येत नाही!! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिथल्या तिथे पत्र्याच्या बाजूला. बाबा खूश — "सूनबाईला कळतं." काय कळतं ते नका विचारू, बाबा!

२२ एप्रिल
सासूबाई कुणाच्याच पक्षात नाहीत. त्यांनी शिंगलचा नमुना आणि पत्र्याचा तुकडा उन्हात ठेवला आणि दोन्हींवर कुरडया घातल्या! पत्र्यावरच्या दुपारीच कडकडीत. शिंगलवरच्यांना डांबराचा वास, बुडाला खडी. तळून अभिनवच्या पानात वाढल्या. "खा."

"अगं आई, छपरावर कुरडया कोण घालणार आहे?"

"मी."

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. अभिनव तरी हटून बसलाय.

२३ एप्रिल
खराडीला आमच्या कंपनीच्या बसमधून उतरताना त्याला सगळं स्पष्ट सांगितलं. कान लालबुंद! संध्याकाळी घरात पाऊल टाकल्याटाकल्या — "बाबा, पत्राच बरा." बाबांना वाटतंय, मुलगा सुधारला.

९ मे
वळवाचं वादळ. गारा. समोरच्या कौशल्याबाईंचा पत्रा उडून बोळात पडला. माणसं वाचली, स्कूटर गेली. बाबांचा चेहरा पडला. "शिंगल्स बघू या का परत?"

नाही!! इतकं रडू आलं, छपरासाठी. कुणाला सांगू?

११ मे
पत्रा बसवणारे मन्सूरभाई आले. "समोरच्यांनी वर नुसत्या विटा ठेवल्या होत्या, बापूराव. मी लोखंडी अँगलला हुकांनी आवळून देतो. वर गार पडू दे नाहीतर आभाळ." बाबांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. ठरलं. पत्रा! मी मन्सूरभाईंच्या चहात साखर जास्त घातली.

१६ मे
हे काय नवीन? बाबा म्हणतात पत्र्याखाली फोमचं अस्तर लावू. ऊन लागत नाही — "आणि आवाजही मरतो." अभिनवने माझ्याकडे पाहिलं, मी अभिनवकडे. बोलायचं काय, कपाळ?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई — "फोममध्ये उंदीर होतात. अस्तर नको. वर पांढरा चुना मारा आणि समोरासमोर खिडक्या ठेवा." विषय संपला! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. त्या मिठीवाल्या नाहीत.

२४ मे
हुक आवळले. चुना लागला. खोली गार आहे — बऱ्यापैकी. उद्या दूध उतू घालवायचं. मंडईतून तोरणाला झेंडू आणला, जरा जास्तच आणला. पडद्याचं कापड निळं. मी वेडी झालेय.

२५ मे
दूध उतू गेलं. सगळ्यांनी पेढा खाल्ला. मी गाद्या घेऊन वर निघाले तर खोलीत दोन गाद्या आधीच घातलेल्या! शेजारी बाबांचा चष्मा.

सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. "लग्न होऊन आले तेव्हा या घरात आम्ही नऊ माणसं होतो गं. मग मुलं. मग तुम्ही." पडदा सारखा केला. "हा पावसाळा आम्ही वर झोपतो. चालेल ना?"

आणि लाजल्या.

मी खाली गेले आणि त्यांची उशी वर आणून दिली.